टाचा उचला, आणि तिकीटही काढा

साधारण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अडुसष्ट वर्षांच्या एक मावशी माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आल्या. बाथरूममध्ये पाय घसरून त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, बोटं हलू लागली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘आता काळजी नाही’ असं सांगितलं होतं. पण मावशींचं खरं दुखणं एक्स-रेत दिसणारं नव्हतं. जिना उतरताना त्या दोन्ही हातांनी कठडा धरायच्या. भाजी आणणं बंद झालं होतं, देवळात जाणं बंद झालं होतं. आयुष्यभर नाटकवेड्या असलेल्या या बाईंनी नाट्यगृहात पाऊल टाकणं सोडलं होतं, कारण अंधारात पायऱ्या उतराव्या लागतात. ‘पुन्हा पडले तर?’ एवढा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

ही भीती अगदी नेहमी दिसणारी आहे. एकदा पडलेला माणूस घाबरून हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांड्या आणि पोटऱ्या बारीक होतात, तोल आणखी जातो आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण मोठं असतं. म्हणून मी मावशींना तोल सुधारण्याचे व्यायाम कागदावर लिहून दिले. तीन आठवड्यांनी विचारलं, तर त्या ओशाळून म्हणाल्या, ‘अहो डॉक्टर, खोटं कशाला बोलू? आठ दिवस केले. मग कंटाळा आला.’

पुढे त्या सहा महिन्यांसाठी लंडनजवळ लेकीकडे गेल्या. परत आल्यावर भेटायला आल्या, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या एका हाताने कठडा धरून चढल्या. मी एका पायावर उभं राहायला सांगितलं. जाण्यापूर्वी चार सेकंदांत त्यांचा पाय खाली टेकायचा, आता बारा सेकंद टिकला. ‘काय केलंत मावशी?’ मी विचारलं. त्या हसत म्हणाल्या, ‘हसू नका हं. बॅले शिकले.’

मी हसले नाही, पण चकित मात्र झाले. आणि नंतर थोडी लाजलेही. कारण मी स्वतः आठ वर्षं कथक शिकून दहावीला सोडलेली मुलगी आहे. नाचाने शरीराला काय मिळतं हे मला अंगानेच ठाऊक होतं. तरीही वीस वर्षांच्या व्यवसायात एकाही पेशंटला मी ‘नाचायला जा’ असं सांगितलं नव्हतं. हा लेख त्या चुकीबद्दल आहे.

ओटा आणि दांडा

मावशी ज्या प्रकारच्या वर्गाला गेल्या, तसे वर्ग ब्रिटनमध्ये आता गावोगावी चालतात. १९२० साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या संस्थेने पंचावन्न वर्षांपुढच्या लोकांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाचे वर्ग सुरू केले. राणी कॅमिला यांनीही सत्तरी ओलांडल्यावर आपण हे वर्ग करतो, असं जाहीरपणे सांगितलं होतं. तिथे कुणी पंजाच्या टोकावर उभं राहत नाही, उड्या मारत नाही. बहुतेक जणी आयुष्यात पहिल्यांदाच नाचत असतात.

बॅलेच्या वर्गाची सुरुवात भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला धरून होते. त्याला ‘बार’ म्हणतात. पहिली हालचाल ‘प्लिए’, म्हणजे पाठ ताठ ठेवून गुडघे हळूहळू वाकवायचे आणि तितक्याच हळू सरळ करायचे. यात मांडीचे पुढचे आणि खुब्याभोवतीचे स्नायू काम करतात. खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना हेच स्नायू लागतात. मग ‘तांद्यू’, म्हणजे एका पायावर वजन ठेवून दुसरं पाऊल जमिनीला घासत पुढे, बाजूला, मागे सरकवायचं. त्यानंतर ‘रलव्हे’, म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. पोटऱ्या आणि घोट्यांची ताकद त्यातून वाढते. ठेच लागल्यावर सावरून घेण्याचं काम घोटा करतो.

मी कागदावर जे लिहून दिलं होतं, तेही नेमकं हेच होतं. गुडघे वाकवा, टाचा उचला, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. फरक एवढाच होता की माझ्या कागदावर ‘दिवसातून दोन वेळा, दहा-दहा वेळा’ असं लिहिलेलं होतं आणि तिकडे पियानो वाजत होता, शेजारी बाहत्तर वर्षांच्या दोन बायका होत्या आणि वर्ग संपल्यावर चहा होता. मावशी माझा कागद आठ दिवसांत विसरल्या आणि तो वर्ग सहा महिने त्यांनी चुकवला नाही. कोणताही व्यायाम करत राहिलं तरच लागू पडतो. त्यामुळे ‘आवडतं’ ही गोष्ट उपचाराच्या दृष्टीने दुय्यम नाही.

गरगर का थांबते?

बॅले म्हटलं की गिरक्या आठवतात. ‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकात नर्तिका एका पायावर सलग ३२ गिरक्या घेते. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने १८९५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्या घेतल्या आणि पुढे तो रिवाजच पडला. आपल्याला फुगडीच्या दहा-बारा फेऱ्यांनी भोवळ येते. मग तिला का येत नाही?

आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं फिरलं की हा द्रव हलतो आणि मेंदूला कळतं की आपण फिरत आहोत. फुगडी थांबली तरी द्रवाची हालचाल लगेच शमत नाही. डोळे सांगतात ‘थांबलो’, कान सांगतो ‘अजून फिरतोय’. या भांडणालाच आपण गरगरणं म्हणतो. नर्तक यावर एक युक्ती करतात. नजर समोरच्या एका बिंदूवर खिळवून ठेवायची, शरीर फिरू द्यायचं आणि अगदी शेवटी मान झटकन वळवून पुन्हा त्याच बिंदूवर आणायची. आपल्याकडे कथकच्या चक्करांतही हेच शिकवतात.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २९ बॅले नर्तिका आणि नौका वल्हवणाऱ्या २० खेळाडू स्त्रिया यांची तुलना केली. त्यांना अंधाऱ्या खोलीत फिरत्या खुर्चीत बसवलं. अंधार असल्यामुळे नजर खिळवण्याची युक्ती चालणार नव्हती. खुर्ची थांबल्यावर ‘अजून फिरतोय’ ही भावना नर्तिकांमध्ये लवकर ओसरली. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की कानाकडून येणारे तोलाचे संदेश हाताळणारा लहान मेंदूचा भाग नर्तिकांमध्ये आकाराने कमी होता. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू नको ते संदेश बाजूला सारायला शिकतो.

यावरून ‘बॅले करा, चक्कर घालवा’ असा निष्कर्ष काढू नये. त्या नर्तिका लहानपणापासून सराव करणाऱ्या होत्या. भोवळीची कारणंही अनेक असतात. वारंवार चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. पण तोल ही शिकता येणारी गोष्ट आहे आणि मेंदू त्यासाठी स्वतःत बदल करतो, एवढं या संशोधनातून समजून घ्यायला हरकत नाही.

खुर्चीत बसून हलणारे स्नायू

मावशींनी तिकडे आणखी एक गोष्ट केली. लेकीने त्यांना कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ‘जिझेल’ दाखवला. वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट होतं. त्याबद्दल बोलताना त्या थांबत नव्हत्या. ‘टीव्हीवर कधी कळलंच नव्हतं, की त्या मुली उडी मारून खाली येतात तेव्हा बुटांचा आवाज येतो! आणि ती एका पायावर उभी राहिली ना, तेव्हा मी माझ्या पायाची बोटं आवळून धरली होती. वर्गात जाण्याआधी पाहिलं असतं, तर नुसतं छान छान म्हटलं असतं.’

बोटं आवळण्याचा हा अनुभव शास्त्रज्ञांनीही तपासला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात बॅले नर्तक, कापोएरा हा ब्राझिलियन प्रकार करणारे कलाकार आणि नाच न शिकलेले लोक यांना दोन्ही नृत्यांचे व्हिडिओ दाखवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. ज्याला जी हालचाल स्वतः करता येत होती, ती पाहताना त्याच्या मेंदूतले हालचालीशी संबंधित भाग अधिक जागे झाले. म्हणजे जो नाचला आहे, तो नाच पाहताना काही अंशी मनातल्या मनात नाचत असतो.

मग जे कधीच नाचले नाहीत, पण वर्षानुवर्षं पाहत आले, त्यांचं काय? याचं उत्तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुंदर प्रयोगात आहे. संशोधकांनी तीन प्रकारचे प्रेक्षक निवडले. नेहमी बॅले पाहणारे, नेहमी भारतीय नृत्य पाहणारे आणि नाच न पाहणारे. यांतल्या कुणीही ते नृत्य शिकलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर व्हिडिओ न लावता प्रत्यक्ष कलाकारांनी नृत्य सादर केलं. डोक्यावर बाहेरून सौम्य चुंबकीय स्पंद देऊन, हाताचे आणि दंडाचे स्नायू हालचालीसाठी किती तयार आहेत हे मोजलं. बॅलेच्या जुन्या प्रेक्षकांच्या बाहूंचे स्नायू बॅले पाहताना अधिक उद्दीपित झाले. भारतीय नृत्याच्या प्रेक्षकांत ज्यांची कल्पनेत रमण्याची, पात्राच्या जागी स्वतःला ठेवण्याची प्रवृत्ती जास्त होती, त्यांच्यात भारतीय नृत्य पाहताना हा परिणाम जास्त दिसला.

भरतनाट्यमच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून नकळत मान डोलावणारे आजोबा आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते नुसते बसलेले नसतात, असं आता म्हणता येईल. अर्थात स्नायू सज्ज होणं म्हणजे व्यायाम होणं नव्हे. प्रेक्षागृहात बसून गुडघे मजबूत होणार नाहीत. पण ‘बघणं म्हणजे आळस’ हा आपला समज तितकासा खरा नाही.

आकडे काय सांगतात, काय नाही

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांची माहिती चौदा वर्षं तपासून एक अभ्यास २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. नाटक, संगीत मैफल, ऑपेरा, वस्तुसंग्रहालय, कलादालन अशा ठिकाणी वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये, अजिबात न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळात मृत्यूचा धोका १४ टक्के कमी आढळला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये तो ३१ टक्के कमी होता. पैसा, शिक्षण, आधीचे आजार यांचा हिशेब धरूनही फरक उरला.

नाचण्याबद्दलही असाच एक जुना अभ्यास आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांवरचा हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पट्टीवरचे खेळ आणि वाद्य वाजवणं यांच्याबरोबर नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी दिसला. शारीरिक हालचालींच्या यादीत असा संबंध फक्त नाचाचाच आढळला.

हे आकडे वाचून हुरळून जाण्याआधी थोडं थांबायला हवं. दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जो माणूस मुळात धडधाकट आहे, ज्याला सोबत आहे, तोच नाटकाला जातो आणि तोच नाचतो, ही शक्यता पूर्णपणे पुसता येत नाही. ‘तिकीट काढलं म्हणून आयुष्य वाढलं’ असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

२०२० साली आपल्या सर्वांच्या व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ आला होता. अल्झायमर झालेली एक वृद्ध स्पॅनिश नर्तिका चाकाच्या खुर्चीत बसली आहे, कानांवर ‘स्वान लेक’चं संगीत लावलं जातं आणि तिचे हात हंसाच्या पंखांसारखे उचलले जातात. डोळे भरून यावेत असंच ते दृश्य होतं. पण मधे मधे जोडलेली तरुणपणीच्या नाचाची दृश्यं त्या बाईंची नव्हती. ती उल्याना लोपात्किना या रशियन नर्तिकेची होती. संगीताशी जोडलेल्या आठवणी अल्झायमरमध्ये बरेचदा उशिरापर्यंत टिकतात, हे खरं आहे. त्याने आजार मागे फिरतो, हे खरं नाही. नाचाची बाजू मांडताना आपण ही मर्यादा सोडू नये. खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत.

बॅलेची दुसरी बाजू

बॅलेचं कौतुक करताना त्याच्या दुखण्यांकडे डोळेझाक करणं माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ व्यावसायिक नर्तिकांपैकी ६१ टक्के जणींचं कधी ना कधी हाड मोडलेलं होतं आणि २४ टक्के जणींच्या पाठीच्या कण्याला बाक होता. पाळी उशिरा सुरू होण्याशी त्याचा संबंध दिसला. कारण समजायला अवघड नाही. दिवसाला सहा-सात तास सराव आणि बारीक राहण्यासाठी अपुरं अन्न. शरीराला ऊर्जा पुरली नाही, की ते पाळी थांबवतं आणि हाडांची निगा राखणं सोडून देतं. विशीतल्या मुलीची हाडं मग म्हातारीसारखी होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता असं नाव दिलं आहे. ती मुलांमध्येही होते.

मुंबई-पुण्यात आता बॅलेचे वर्ग वाढत आहेत, म्हणून पालकांना दोन गोष्टी सांगते. पंजाच्या टोकावर उभं राहण्याचे कडक बूट साधारण अकराव्या-बाराव्या वर्षाआधी आणि काही वर्षांच्या पक्क्या सरावाआधी घालू नयेत. पावलाची हाडं तेव्हा वाढत असतात. आठ वर्षांच्या मुलीला ‘फोटोसाठी’ ते बूट घालून उभी करणारा शिक्षक टाळा. दुसरं, पावलं बाहेरच्या दिशेला वळवण्याची बॅलेची जी ठेवण आहे, ती खुब्यातून यायला हवी. खुबा तेवढा वळत नसताना पावलं जबरदस्तीने फिरवली, की पीळ गुडघ्यावर बसतो. अशी तक्रार घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि वर्गात मुलीच्या वजनावरून टोमणे ऐकू येत असतील, तर वर्ग बदला.

हौशी माणसाने व्यावसायिकांकडून शिस्त घ्यावी, वेदना सहन करण्याची त्यांची सवय घेऊ नये. मावशींच्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘स्नायू ताणला गेल्यासारखं वाटलं तर चालेल, सांधा दुखला तर थांबा.’ याहून चांगली सूचना मीही देऊ शकत नाही.

बॅलेच कशाला?

‘आपल्याकडे एवढी नृत्यं असताना हे परदेशी कशाला?’ असा प्रश्न येणार, हे मला ठाऊक आहे. मावशींना भेटला बॅले, कारण त्या तिकडे होत्या. इथे त्या फुगडी, झिम्मा, कथक, भरतनाट्यम, काहीही करू शकतात. शिवाय कलांचा प्रवास आपण समजतो तितका एकमार्गी नसतो. विख्यात रशियन नर्तिका अॅना पाव्हलोव्हा हिने १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये राधा-कृष्णावरची रचना सादर केली, तेव्हा तिच्यासोबत कृष्ण होता तो उदय शंकर. पाव्हलोव्हाच्याच प्रोत्साहनाने रुक्मिणीदेवी अरुंडेल बॅले शिकू लागल्या. मग आपल्याच मातीतल्या नृत्याकडे वळण्याचा सल्लाही तिनेच दिला. त्यातून पुढे भरतनाट्यमला नवी प्रतिष्ठा मिळाली आणि १९३६ साली कलाक्षेत्र उभं राहिलं. मुंबईत तर शांती बर्धन यांनी पन्नासच्या दशकात ‘लिटल बॅले ट्रूप’ काढलं आणि ‘बॅले’ हा शब्द आपल्या नृत्यनाट्यांच्या जाहिरातींतही रुळला.

उपचाराच्या बाबतीतही हीच देवाणघेवाण दिसते. ब्रुकलिनमध्ये २००१ साली मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. लंडनमध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेने २०१०पासून तसेच वर्ग घेतले. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना नाचायला लावलं. या आजारात चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ठेका मिळाला, की पाऊल सुटायला अनेकांना मदत होते. त्यामुळे नृत्य कोणतं हा प्रश्न मागे राहतो. ठेका, तोल, सोबत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावंसं वाटणं, या चार गोष्टी असल्या म्हणजे झालं.

मग करायचं काय?

माझ्यासारख्या डॉक्टर मंडळींना पहिली विनंती. आपण पेशंटला साखर विचारतो, रक्तदाब विचारतो, ‘चालता का?’ विचारतो. त्यातच ‘तुम्हाला काय करायला आवडायचं, ते कधी सोडलं?’ हा प्रश्न घाला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत डॉक्टर पेशंटला अशा वर्गांकडे, मंडळांकडे पाठवू शकतात आणि त्यासाठी वेगळे कार्यकर्ते नेमलेले असतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, पण दवाखान्यात जवळच्या नृत्यवर्गाचा आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा फोन नंबर लावायला सरकारी आदेश लागत नाही.

दुसरी विनंती नाट्यगृहं चालवणाऱ्यांना. प्रत्येक पायरीच्या कडेला दिव्याची पट्टी, दोन्ही बाजूंना कठडा, कोरडं आणि जवळचं स्वच्छतागृह आणि महिन्यातून काही दुपारचे प्रयोग. ज्येष्ठ प्रेक्षक का येत नाहीत, याची कारणं बऱ्याचदा रंगमंचावर नसतात, पायऱ्यांवर असतात.

तिसरी विनंती घरच्यांना. आईला तिकीट काढून द्याच, पण तिच्यासोबत जा. आणि सत्तरीच्या सासूबाई नाचाच्या वर्गाला निघाल्या, तर हसू नका. मावशींनी मला पहिल्यांदा सांगताना ‘हसू नका हं’ म्हटलं, याचा अर्थ आपण सगळ्यांनी मिळून त्यांना तसं म्हणायला शिकवलं आहे. मुलीने दहावीला नाच सोडायचा, बाईने लग्नानंतर सोडायचा आणि पुरुषाने मुळात सुरूच करायचा नाही, ही आपली रीत आहे. गणपतीच्या मिरवणुकीचे चार तास सोडले, तर मोठ्या माणसाच्या नाचाला आपण जागाच ठेवलेली नाही.

आणि आजच सुरुवात करायची असेल, तर स्वयंपाकघरातला ओटा पुरे. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहा किंवा उभे राहा, दोन्ही हात ओट्यावर टेकवा. चार आकडे मोजत टाचा उचला, चार मोजत खाली आणा. आठ-दहा वेळा. मग एक हात ओट्यावर ठेवून एका पायावर उभं राहा, जमेल तेवढे सेकंद. दुसऱ्या पायावर तसंच. जमीन कोरडी हवी. पायात मोजे नकोत, घसरणारी चप्पल नको. आवडतं गाणं लावा. नुकतंच हाड मोडलं असेल, हाडं फार ठिसूळ असतील, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरत असेल, मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना गेली असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्या कोणत्या करायच्या, हे तुमच्या आवडीवर आहे.

मावशींचं पुढे काय झालं, हे विचाराल म्हणून सांगते. इथे त्यांना त्यांच्या वयाचा बॅलेचा वर्ग मिळाला नाही. म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा त्या सहा जणींना घेऊन ओट्याऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्यांची पाठ धरून टाचा उचलतात. माझ्या सांगण्यावरून आता त्यांनी जड लाकडी खुर्च्या आणल्या आहेत, कारण प्लास्टिकची खुर्ची कलंडते. संगीत मराठी नाट्यपदांचं असतं. गेल्या महिन्यात त्या सगळ्या मिळून एका नाटकाला गेल्या, बाल्कनीत बसल्या आणि मध्यंतरात अंधाऱ्या पायऱ्या उतरून चहा पिऊन आल्या.

मी पुन्हा कथकच्या वर्गाला नाव घातलं आहे. पहिल्या दिवशी तीन चक्करांतच गरगरलं.